नानांचा सत्कार

धुळ्याला बदली मिळावी म्हणून मी कितीतरी वर्षं संस्थेकडे अर्ज करत होते. आई धुळ्यात एकटी, तिचे गुडघे गेलेले, मी राहायला जळगावात आणि नोकरी धरणगावच्या बाजूच्या एका गावात. दर उन्हाळ्यात अर्ज द्यायचा आणि दर पावसाळ्यात 'सध्या जागा नाही' हे ऐकायचं. मागच्या वर्षी मात्र अर्ज न देताच बदली झाली. मुख्याध्यापकांनी स्वतः पेढे आणले. "मॅडम, साहेबांनी खास लक्ष घातलं तुमच्यासाठी," म्हणाले. पेढा मी घेतला, पण तोंडात न घालता कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. आमच्या संस्थेत कोणी कोणासाठी खास लक्ष घालतं तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीने न मागता कोथिंबीर टाकली की मी घेतलेली वांगी पुन्हा उलटून बघते. नवरा म्हणतो, तू चुकून मास्तरीण झालीस, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. त्याला हसायला काय जातं! बँकेत नोकरी करणाऱ्याला रोज सकाळी उठून साठ मुलांना खरं काय घडलं ते सांगायचं नसतं.

ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो ते संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांच्या वडिलांनी काढली आणि वडील गेल्यावर शाळेला वडिलांचंच नाव दिलं गेलं. ते नाव फाटकाच्या कमानीवर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, बाकांच्या पाठीवर आहे. मुलांच्या शर्टाच्या खिशावर जो बिल्ला शिवलेला असतो, त्यावर वर समई आणि खाली तेच नाव. बिल्ला शाळेतूनच घ्यावा लागतो. वर्गशिक्षिका म्हणून रोज परिपाठाच्या वेळी रांगेतून फिरून तो तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. ज्याच्या खिशावर बिल्ला नाही त्याला रांगेबाहेर काढायचं. हे काम मी इतकी वर्षं केलं की हाताला सवय झाली होती, डोळ्यांना तर नाव दिसायचंही बंद झालं होतं.

आता इतिहासाकडे येते. नववीला स्वातंत्र्यानंतरचा भारत शिकवावा लागतो आणि त्यात आणीबाणी येते. मी या शाळेत लागले तेव्हा साहेब एका पक्षात होते. त्या काळात आणीबाणीचा भाग आला की मुख्याध्यापक वर्गाच्या दाराशी रेंगाळायचे. "मॅडम, ते फार ताणू नका. परीक्षेला येत नाही तसं ते." मी ताणत नसे, पण सोडतही नसे. मग साहेबांनी पक्ष बदलला. त्या वर्षापासून तेच मुख्याध्यापक, तोच धडा आणि तेच दार, पण बोलणं उलटं झालं. "मॅडम, आणीबाणी जरा जोरात घ्या. मुलांना कळलं पाहिजे काय अन्याय झाला ते." माणूस तोच आणि चष्माही तोच. मला हसूही आलं आणि रागही आला. धड्यात एक अक्षर बदललं नव्हतं, बदललं होतं ते फक्त साहेबांच्या गाडीवरचं स्टिकर.

मागच्या वर्षी शाळा उघडल्या उघडल्या वरून पत्र आलं. आणीबाणीची आठवण म्हणून शाळेत कार्यक्रम घ्या, फोटो काढा आणि अपलोड करा. मला असल्या पत्रांची चीड आहे. पण विषय वाईट नव्हता. म्हटलं, सांगताच आहात तर घेते मनापासून. मी वर्गाला सांगितलं, घरात जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्याला विचारा, तेव्हा तुमच्याकडे काय झालं होतं. लिहून आणायचं नाही. ऐकून यायचं आणि उद्या तोंडी सांगायचं.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच मुलांनी सांगितलं, काही आठवत नाही म्हणतात. एकाची आजी म्हणाली होती की तेव्हा रेशनची साखर वेळेवर मिळायची. एकाचे आजोबा म्हणाले होते, कचेरीत बाबू लोक वेळेवर यायचे. मी ते सगळं ऐकून घेतलं, कारण तेही खरंच होतं. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. घरी वडील दुसऱ्याच्या मळ्यात केळीचं काम करतात, आई निंदणीला जाते, आणि ही पोर बोलायला लागली की अर्ध्यातून घरच्या भाषेत घसरते.

"मॅडम, आमच्या नानांना गाडीत घालून नेलं होतं. ऑपरेशन करायले."

"कसलं ऑपरेशन?" मागून कोणीतरी विचारलं आणि दोन मुलं खिदळली.

"मुलं होऊ नयेत म्हणून करतात ते," ती म्हणाली. "नानांचं लगीन व्हयेल नव्हतं तव्हय. मग ते व्हयनंच नही."

तेव्हा लग्न व्हायचं होतं, ते मग झालंच नाही. खिदळणारी दोघं सरळ होऊन बसली. नाना म्हणजे तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ. आजोबा वारले, नाना यांच्याच घरात असतात, एवढं तिने सांगितलं. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली हे मी दरवर्षी एका वाक्यात शिकवत होते. तो शब्द फळ्यावर लिहिताना मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी तो माझ्याकडून लिहिला गेला नाही.

मी त्याच आठवड्यात तिच्या घरी गेले. नाना ओट्यावर बसून दोरी वळत होते. उंच, वाळलेला माणूस, डोक्यावर टोपी. मी आले तसे ते उठले नाहीत. हातातलं काम थांबवून माझ्या पायांकडे बघत राहिले.

"तुम्ही शाळामधून उनात?"

"हो नाना. हिची बाई मी."

"मागला टाइमले बी मास्तरच ऊना व्हता घर," ते म्हणाले.

मागच्या वेळीही मास्तरच घरी आला होता, म्हणजे? मला आधी कळलं नाही. मग कळलं तशी कानशिलं गरम झाली. त्या काळात मास्तरांना माणसं आणून द्यायचं काम लावलं होतं. त्याला 'केस' म्हणायचे. केस दिली नाही तर पगार अडायचा. हे मला पुस्तकातून नाही, माझ्या वडिलांकडून माहीत होतं. तेही मास्तर होते आणि त्यांनी काय केलं ते आम्हाला कधीच सांगितलं नाही. नानांच्या मनात मी कोण होते ते मला दिसलं. संशय घेणारी मी, पण त्या ओट्यावर संशयित मी होते.

"मी न्यायला नाही आले नाना," मी म्हटलं. "तुम्हीच शाळेत या. वर्गात बसा आणि जे झालं ते पोरांना सांगा. तुमच्या तोंडून."

दोरीचं टोक दातात धरून त्यांनी ते ओढून घट्ट केलं.

"आजवर कोन्ही इचारं नही," ते म्हणाले. "लोके हसेत. लगीन मोडनं तव्हय बी हसेत. आते पोरे हसतीन."

"हसणार नाहीत."

"हसू देत. पन ऐकतीन ना?"

"ऐकतील," मी म्हटलं. तेवढा शब्द मी दिला. मग घरातून चहा आला आणि तो त्यांनी स्वतःआधी मला पाजला. निघताना म्हणाले, "मन्हा तोंडथून एक सावा निंघी जाऊ दे. मंग कई बी डोया मिटूत." एकदा तोंडातून निघून जाऊ दे, मग डोळे कधीही मिटोत. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून उरकून घेतलं.

मुख्याध्यापकांना सांगणं भाग होतं. बाहेरचा माणूस वर्गात आणायचा तर परवानगी लागते. मी मोजकंच सांगितलं. म्हटलं, गावातले एक आजोबा आहेत, आणीबाणीत त्यांना त्रास झाला, मुलांशी बोलतील. नाव सांगितल्यावर मुख्याध्यापकांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"घ्या ना, घ्या. अनुभव सांगू दे त्यांना. फक्त ती गाडी कोणी भरून दिली, कोण सोबत होतं, असल्या खोलात नको जायला."

मी गाडीचा उल्लेखच केला नव्हता.

त्या एका वाक्यानंतर मला चैन पडेना. शाळेत ज्याला त्याला मी नव्या नजरेने बघायला लागले. मुख्याध्यापक याच गावचे. त्यांना माहीत आहे म्हणजे गावाला माहीत आहे. मग आजवर माझ्या कानावर कसं आलं नाही? आणि माणसं गाडीत भरून द्यायची ताकद त्या काळात गावात कोणाची असणार? मास्तर बिचारा दारात येऊन विनवण्या करणार. गाडी मागवणारा, तहसीलदाराशी उठबस असलेला, 'एवढी माणसं माझ्या गावातून' असं वर सांगू शकणारा माणूस किती घरांत असेल? मी मनातल्या मनात घरं मोजायला लागले आणि पहिल्याच घराशी थांबले. पण पुरावा नव्हता. संशयावर मी भाजी परत करते, माणसाला दोष देत नाही. कोणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण विचारलं की ते संध्याकाळपर्यंत वर पोचणार हे ठरलेलं होतं.

मी न विचारताच पोचलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतः फोन केला नव्हता.

"ताई, फार चांगली कल्पना काढली तुम्ही," ते म्हणाले. आवाज असा गोड की मी फोन कानापासून जरा लांब धरला. "पण वर्गात कशाला? एवढ्या मोठ्या माणसाला चार भिंतीत कोंडायचं? आपण मोठा कार्यक्रम करू. मांडव टाकू. नानांचा सत्कार करू."

"ते बोलतील ना साहेब?"

"बोलतील की! त्यांच्यासाठीच तर आहे सगळं."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बघ, चांगलं झालं. तुला प्रत्येक गोष्टीत वास येतो." मला खरोखर वास येत होता. नानांना कळवायला गेले तेव्हा मी त्यांना स्पष्ट म्हटलं, नाना, स्टेजवर नका जाऊ, वर्गातच या. पण पुतण्याच्या, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या, घरात आनंदीआनंद होता. साहेबांचा माणूस येऊन गेला होता. नानांसाठी पांढरा नेहरू शर्ट शिवायला टाकला होता. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, माइकवर बोलसू तं बठ्ठा गावले ऐकू जाई." सगळ्या गावाला ऐकू जाईल म्हणून ते खूश होते.

आपल्याकडचा सत्कार ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. मांडव मोठा, स्टेजवर खुर्च्यांच्या दोन रांगा. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मग पाहुण्यांचं स्वागत, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत. तालुक्याचे पुढारी आले, जिल्ह्याचे आले. प्रत्येकाने दिल्लीत काय घडलं ते सांगितलं. कोणाच्या भाषणात आमचं गाव आलं नाही, आमच्या गावची गाडी आली नाही. अन्याय सगळा दूर, रेल्वेने जावं लागेल इतक्या दूर झालेला होता. मुलं उन्हात बसून टाळ्या वाजवत होती, कारण त्यांना परिपाठात तशी सूचना दिली होती. टाळ्या कुठे वाजवायच्या ते आमचे मराठीचे सर हाताने दाखवत होते. सूत्रसंचालन त्यांच्याकडेच होतं.

नाना दुसऱ्या रांगेत टोकाला बसले होते. नव्या शर्टाची घडी मोडलेली नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ हलत होते. मला खालून दिसत होतं, ते मनात जुळवाजुळव करत होते.

मग मराठीच्या सरांनी त्यांचं नाव पुकारलं. "आणीबाणीच्या काळ्या पर्वात ज्यांनी लोकशाहीसाठी तुरुंगवास भोगला, असे आपल्या मातीतले लढवय्ये." मी खुर्चीतून अर्धी उठले. तुरुंगवास? लाउडस्पीकर घरघरत होता, त्यात नानांना कमी ऐकू येतं. ते आपलं नाव आलं एवढ्यावर उभे राहिले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. हातात नारळ दिला, गुच्छ दिला, फोटोवाल्याने दोघांना एकमेकांकडे तोंड करायला लावलं. नानांचे दोन्ही हात भरलेले. ते त्या भरल्या हातांनी माइककडे वळले. तेवढ्यात सर म्हणाले, "वेळेअभावी आपण नानांचे विचार ऐकू शकत नाही, पण त्यांचा आशीर्वाद आपल्या पाठीशी आहेच. यानंतर आभारप्रदर्शन." टाळ्या झाल्या. कोणीतरी नानांच्या कोपराला धरून त्यांना खुर्चीवर नेऊन बसवलं. नारळ मांडीवर घेऊन ते बसून राहिले.

एखाद्याला गप्प करायला धमकी लागते असं मला आजवर वाटायचं. धमकी दिली असती तर नाना कदाचित ओरडले असते. शाल अंगावर पडल्यावर माणूस कसा ओरडणार? मला इतका संताप आला होता की आभारप्रदर्शन संपायच्या आत मी मांडवातून बाहेर पडले.

आठवडाभरात बस स्टँडवर फ्लेक्स लागला. मधोमध साहेब, बाजूला पुढारी आणि खाली कोपऱ्यात नाना, खांद्यावर शाल, आणि त्याखाली 'लोकशाहीसाठी कारावास भोगणारे'. माझ्या संशयाची गंमत बघा, आता तो नानांवरच गेला. एकदा बसमधून उतरताना मला ते फ्लेक्सखाली उभे दिसले, मान वर करून स्वतःच्या फोटोकडे बघत. मी मनात म्हटलं, आवडलं म्हाताऱ्याला. कोणाला नाही आवडणार? लोक त्यांना रामराम घालायला लागले होते. गावात लगीन मोडलेला माणूस म्हणून ओळख होती, आता लढवय्या झाले. पुतण्याला शाळेत शिपायाच्या जागेवर घेणार अशीही कुजबुज होती. मी त्यांच्या घरी गेले नाही. म्हटलं, त्यांचा त्यांना निवाडा करू दे.

ते फ्लेक्सखाली का उभे होते ते मला नंतर त्या मुलीने सांगितलं. नानांना वाचता येत नाही. खाली काय लिहिलं आहे ते त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, तर सगळे नुसते हसून 'चांगलं लिहिलंय नाना' म्हणाले. मग त्यांनी शाळेतून येणाऱ्या पोरीलाच उभं केलं. तिने वाचून दाखवलं. कारावास म्हणजे काय, त्यांनी विचारलं. जेल, ती म्हणाली.

दोन दिवसांनी, सातवा तास चालू असताना, नववीच्या दारात नाना उभे राहिले. अंगात रोजचे मळके कपडे. हातात घडी केलेली शाल.

"येऊ का बाई?"

फाटकावरच्या माणसाने त्यांना अडवलं नव्हतं. सत्कार झालेल्या माणसाला कोण अडवणार? मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. शाल माझ्या टेबलावर ठेवली.

"हाई शाल मन्ही नही. जो जेलमा गया व्हता त्यानी शे. मी जेलमा कधी गऊ नही. खोटं कसाले लेऊ?"

मग ते मुलांकडे वळले. मी पुस्तक मिटलं. दारापलीकडे व्हरांड्यात मुख्याध्यापकांची सावली आली आणि तिथेच थांबली. मला वाटलं, आता आत येतील, 'नाना, चला ऑफिसात, चहा घेऊ' म्हणतील. मी दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले. एवढंच मला करता आलं.

नाना हळूहळू बोलले. मी ते इथे आपल्या भाषेत सांगते, पण ते त्यांच्या भाषेतच बोलले आणि वर्गातल्या एकालाही अडलं नाही. मास्तर आधी त्यांच्या मोठ्या भावासाठी आला होता. भावाचं लग्न झालेलं, त्याला दोन मुली होत्या. भाऊ कपाशीत जाऊन लपला. दुसऱ्या दिवशी गाडी आली. भाऊ सापडला नाही. गाडीत जागा रिकामी होती आणि ती भरायची होती. नाना दारात उभे होते, अंगाने भरलेले, मिसरूड फुटलेलं. त्यांनी सांगितलं, माझं लग्न व्हायचंय, पहूरकडची मुलगी ठरली आहे. त्यावर उत्तर मिळालं, होईल होईल, चल बस. संध्याकाळी त्यांना परत आणून सोडलं. पहूरवाल्यांना कळायला वेळ लागला नाही.

"माले दुखनं नही एवढं," नाना म्हणाले. "पन मन्ही माय वरीसभर मन्हाकडे देखेच ना."

कोणी हसलं नाही.

मग त्यांनी आपल्या नातीकडे बघितलं. "भाऊले त्यानंतर आंडोर झाया. तो हिना बाप." आंडोर म्हणजे मुलगा.

मुलगी खाली मान घालून बसली होती. ती तशीच राहिली. मला वाटतं, हे तिला त्या क्षणापर्यंत घरात कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. वर्गात खोड्या करण्यात पहिला नंबर असलेला मुलगा. "नाना, गाडीत बस कोणी म्हटलं तुम्हाला? गाडी कोणाची होती?"

व्हरांड्यातली सावली हलली. "मॅडम," असा आवाज आला. मी वळले नाही.

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता घाबरतील. पुतण्याची नोकरी आठवेल. 'जाऊ दे, गेला तो माणूस' म्हणतील. मी शेवटपर्यंत तसाच संशय धरून होते.

"आठे ये, पोरी," ते नातीला म्हणाले.

ती उठून पुढे आली. नानांनी दोरी वळून खरबरीत झालेलं बोट उचललं आणि तिच्या शर्टाच्या खिशावर, समईच्या खाली, बिल्ल्यावर ठेवलं. नाव घेतलं नाही. बोट तसंच राहू दिलं.

आधी कोणाला कळलं नाही. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने आपल्या खिशाकडे बघितलं. मग तिच्या शेजारच्या मुलीने बघितलं. बघता बघता अख्खा वर्ग मान खाली घालून आपापल्या छातीवरचं नाव वाचत होता.

नाना निघाले तेव्हा मुख्याध्यापक त्यांच्यासाठी बाजूला सरकले. माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं ते झालं मॅडम. बाहेर जाऊ देऊ नका." ती शाल त्यांनीच टेबलावरून उचलली आणि काखेत मारून नेली. धुळ्याच्या बदलीचे पेढे यायला त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. पुतण्याला अर्थातच नोकरी मिळाली नाही. नानांना त्याचं काय वाटलं ते विचारायला मी गेले, तेव्हा ते दोरी वळत होते. म्हणाले, "पोरे ऐकत व्हतात, बाई." एवढंच म्हणाले, आणि मला बसायला जागा करून दिली.

पण मला आठवते ती नाना वर्गात बोलून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. परिपाठाची रांग लागली होती. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. मुख्याध्यापक पायरीवर उभे राहून माझ्याकडेच बघत होते. "नववी, बिल्ले तपासून घ्या मॅडम," त्यांनी माइकवरून सांगितलं. असं माइकवरून ते कधी सांगत नसत. मी रांगेतून चालायला लागले. सगळ्यांच्या खिशावर बिल्ले होते, मुलं काही वेडी नाहीत. दुसऱ्या रांगेत ती मुलगी ताठ उभी होती, उजवा हात खिशावर घट्ट दाबून, बोटांच्या फटीतून समईचं टोक तेवढं दिसत होतं. 'हात काढ' म्हणायचं काम माझं होतं. मी तिच्यापुढे थोडा वेळ थांबले. मग पुढच्या मुलाकडे गेले, तर त्यानेही हात तिथेच ठेवला होता.